हाताच्या कडेकडेनं

माझे भावोजी हार्म डायकहाऊस आयुष्यात कधी खोटं बोलले नसतील, कारण मुळात ते बोलतच कमी. त्यामुळे सत्तरी उलटल्यावर बायकोपासून एक गोष्ट लपवायची पाळी आली, तेव्हा ती त्यांना झेपेना. मार्चमध्ये त्यांनी राहतं घर विकलं. नर्सिंग होमचा खर्च दुसऱ्या कशातून निघणार नव्हता. सामान माझ्या गॅरेजमध्ये रचलं, स्वतः माझ्या माडीवरच्या खोलीत राहायला आले, आणि ट्रुडीताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

"सांगतो," ते म्हणत. "जरा हवा सुधारू दे."

हवेचा आणि घराचा काय संबंध? पण मिशिगन सरोवराच्या काठावरच्या आमच्या ग्रँड हेवनमध्ये कुठलीही नकोशी गोष्ट हवेवर ढकलता येते. हवा तशी वाईटच असते.

ताईला आदल्या पानगळीत अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मागे राहिलं ते मान डोलावणं. तसं ते तिला जन्मभर येतच होतं. आमच्या घरात वाद घालायचं काम माझ्याकडे होतं आणि 'बरं' म्हणायचं तिच्याकडे. वडिलांना 'बरं', चर्चमधल्या बायकांना 'बरं', मग नवऱ्याला 'बरं'.

हा नवरा काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवायचा. सरोवरावरून बर्फ सुटला की गाव उठायच्या आत भावोजींनी रस्ते मोकळे केलेले असत. घरी येऊन वाटाण्याचं दाट सूप प्यायचं आणि झोपायचं, रविवारी चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी दोन पेपरमिंट चघळायचे, बस्स. चैन म्हणून माणसाला एकच ठाऊक होती. दर फेब्रुवारीत ते जूनच्या सहलीचा बेत आखायला बसत, आणि सहल कुठली, तर सरोवराच्या काठाकाठानं दीपगृहं बघायची. माझा नवरा होता तेव्हा हसायचा. "हिवाळाभर ज्यानं छळलं, उन्हाळ्यात त्याच्याच दारी पाहुणा म्हणून जातोय," म्हणायचा.

नकाशा त्यांनी कधी उघडला नाही. आमच्याकडे कुणीच उघडत नाही. उजवा तळवा आपल्याकडे करून हात धरला की झाला आमच्या मिशिगन राज्याचा नकाशा. करंगळीच्या बाजूची कड म्हणजे आमचा काठ आणि मधल्या बोटाचं टोक म्हणजे मोठा पूल. कुणी विचारलं कुठले तुम्ही, की तळहातावर बोट ठेवायचं. भावोजींची खोड अशी, की बेत स्वतःच्या हातावर आखायचा नाही, ताईच्या हातावर आखायचा. ही खोड लग्नाआधीची. आमच्या वडिलांसमोर मुलीचा हात हातात घ्यायचा तर दुसरी सबब काय सांगणार? तरणा हार्म बैठकीत बसून तिच्या हाताच्या कडेवरून बोट वर वर नेई, "हे मस्कीगन, हे लिटल सेबल, हे लडिंग्टन," आणि वडील वर्तमानपत्राआडून म्हणत, "लडिंग्टन यायला फार वेळ लागतोय, हार्म."

दीपगृहं भावोजी बघत. ताई गाडीत बसायची. वाऱ्यानं तिचे कान दुखायचे. काच वर, मांडीवर विणकाम, थर्मासमध्ये कॉफी. ते जिना चढून, वर उभं राहून, खाली येऊन विचारत, "बघितलंस?" ती म्हणायची, "छान." मला मात्र एकदा म्हणाली होती, "सगळी सारखीच असतात ग, नेल. एक जिना आणि वर वारा."

"मग जातेस कशाला?"

"त्याला आवडतं."

तर, घर विकलं त्या वसंतात भावोजींनी पुन्हा बेत आखायला घेतला. रोज दुपारी नर्सिंग होममध्ये जायचं, ताईचा उजवा हात मांडीवरून उचलायचा, मुडपलेली बोटं एकेक सरळ करायची आणि कडेवरून बोट फिरवायचं. त्या हाताला काही कळत नव्हतं. टोचलेली सुई कळत नव्हती, तिथं लडिंग्टन काय कळणार? ती मान डोलावे. भावोजी घरी येऊन सांगत, "तिला यायचंय. पर्स मांडीवर घेऊनच बसलेली असते, बघितलंस ना? तयारच आहे."

पर्सचं खरं होतं. सकाळी कपडे घातले की ती डाव्या हातानं आधी पर्स ओढून घ्यायची आणि रात्री काढून घेईपर्यंत सोडायची नाही.

मोडता घातला तो तिथल्या मुख्य नर्स ब्रॉन्केमाबाईंनी. बाई बोलायला करवत, पण मनानं वाईट नव्हे. म्हणाल्या, "चाकांची खुर्ची चढवता येते ती चर्चची व्हॅन मिळवलीत, खालच्या मजल्यावरच्या खोल्या ठरवल्यात, सगळं ठीक. पण पाच दिवस हलवायचं तर तिची स्वतःची इच्छा मला कळायला हवी. तिनंच सांगायला हवं."

"सांगते ना. मान डोलावते."

ब्रॉन्केमाबाई ताईकडे वळल्या. "ट्रुडी, तू कावळा आहेस का?"

ताईनं मान डोलावली. अगदी मनापासून.

मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. भावोजी टोपी हातात फिरवत म्हणाले, "तसं नाही धरायचं."

त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात ते कॉफी पुढ्यात घेऊन बसले. कुठलं दीपगृह घ्यायचं, कुठलं गाळायचं, हे चाललं होतं.

"बिग सेबल गाळलं," म्हणाले. "तिथवर गाडी जात नाही. वाळूतून खुर्ची कोण ढकलणार?"

"लिटल सेबल घ्या मग. तिथं फळ्यांची वाट आहे."

"हो, पण तिथं नको सांगायला. पोरं असतात, आरडाओरडा असतो. मॅनिस्टीला बंदराच्या भिंतीवर वारा फार, माझा आवाज तिच्यापर्यंत जायचा नाही. पॉइंट बेट्सीला गाडी पार पाण्यापाशी जाते. काच खाली न करता सगळं दिसतं. तिथं सांगेन."

"काय सांगाल?"

त्यांनी कप फिरवला. "घराचं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस सहल आखत नव्हता. बायकोला एक वाक्य सांगायला जागा शोधत होता. मला इतका राग आला, की मी भांडी जरा आपटूनच ठेवली.

"अहो, त्यासाठी दीडशे मैल कशाला? उद्या तिच्या खोलीत बसून सांगा."

"इथं सांगितलं तर सांगून मी निघून येईन. ती मात्र ते ऐकून त्याच खोलीत, त्याच भिंतीकडे बघत बसेल." मग म्हणाले, "तिकडे निदान पुढे जाता येतं. बेट्सीच्या पुढे अजून आहेत की दीपगृहं."

राग गेला. राहिलं ते जास्त वाईट होतं. हिवाळ्यात रस्ता दिसेनासा झाला तरी हा माणूस ट्रक थांबवत नसे, कारण थांबलं की मागून बर्फ चढतो. आता ते तेच करायला बघत होते, आणि त्यांना नको म्हणायला माझी जीभ उचलेना. उलट मीच तोडगा काढला.

"तिच्या मेल्या हातावर काय बोट फिरवताय रोज?" मी म्हणाले. "तो हात गेला, भावोजी. स्वतःचा हात पुढे करा आणि तिचं डावं बोट त्यावर ठेवू द्या. तिला हवं तिथं ठेवू दे. मग ब्रॉन्केमाबाईपण काही बोलायच्या नाहीत."

जन्मभरात त्यांना हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बाहेर पावसाची बुरबुर होती आणि खोलीत उकडलेल्या कोबीचा वास. ताई खिडकीशी खुर्चीत, मांडीवर पर्स. ब्रॉन्केमाबाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. भावोजी स्टूल ओढून तिच्या पुढ्यात बसले आणि त्यांनी आपला उजवा तळवा तिच्यासमोर धरला. ट्रकचं स्टिअरिंग धरून धरून राकट झालेला हात.

"ट्रुडे, तू दाखव," ते म्हणाले. "कुठं जायचं ते तू दाखव."

ताईनं हाताकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. पर्स सोडली. डावं बोट उचललं आणि जराही न अडखळता त्यांच्या हाताच्या कडेवर, करंगळीच्या खूप खाली ठेवलं.

भावोजींचा चेहरा उजळला. "बघा बाई! ग्रँड हेवन! आपलं धक्क्यावरचं लाल दीपगृह. बरोबर, तिथूनच सुरुवात करायची." त्यांनी तिचं बोट धरून हलकेच वर सरकवलं. "आणि मग लिटल सेबल."

तिनं बोट सोडवून घेतलं आणि परत खाली आणलं.

"हो, ते झालं. आता पुढे. मॅनिस्टी..."

परत खाली. आता नख रुतवून. मान डोलावत नव्हती ती. झटका आल्यापासून पहिल्यांदाच तिची मान स्थिर होती.

मला कळलं होतं. ब्रॉन्केमाबाईंना कळलं होतं. त्यांनी घडी सोडली. भावोजी मात्र अजून हसत होते, वेंधळ्यासारखे, आणि तिचं बोट तिसऱ्यांदा वर नेऊ बघत होते. तेव्हा ताईनं त्यांचा अंगठा बाजूला सारला, बोट त्याच जागी टेकवलं, आणि डोळ्यांनी दाराकडे, हुकाला टांगलेल्या आपल्या कोटाकडे बघितलं. मग परत त्यांच्याकडे.

"तिला घरी जायचंय, मिस्टर डायकहाऊस," ब्रॉन्केमाबाई म्हणाल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कळलं मला," भावोजी म्हणाले.

जन्मभर त्या बाईनं काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे, आणि आत्ता. मला वाटलं, आता हे खोटं बोलतील. बोलावं असंही वाटलं. म्हणावं, जूनमध्ये नेतो, जरा हवा सुधारू दे. मी मनातल्या मनात ते त्यांच्या तोंडात घालत होते.

"घर विकलं, ट्रुडे," ते म्हणाले. "मार्चमध्ये. दुसरे लोक राहतात आता तिथं. तुला न सांगता विकलं."

तिला किती कळलं असेल, असा प्रश्न मला पडायच्या आत तिनं डावा हात उचलला आणि त्यांच्या उघड्या तळव्यावर चापट मारली. नेम चुकला, ती मनगटाला लागली. तिनं परत मारली. घशातून एक आवाज येत होता, तो शब्द नव्हता. पर्स घरंगळून खाली पडली.

ब्रॉन्केमाबाई पुढे झाल्या. मी त्यांची बाही धरली. "राहू द्या," म्हटलं.

भावोजींनी हात मागे घेतला नाही. ती मारत होती आणि ते तळवा तसाच पुढे धरून बसले होते, नाक पुसायलासुद्धा हलले नाहीत. थोड्या वेळानं ती दमली. तिचा हात वर यायला वेळ लागू लागला, आणि त्यांचाही भरून येऊन खाली झुकू लागला. तेव्हा त्यांनी डावा हात खालून लावून तो उचलून धरला, तिला पोचावा म्हणून.