परवाना आणि पाकीट

सरकारला विचारून दारू पिणारा माणूस मी उभ्या मुंबईत एकच पाहिला, आणि ते माझे सासरे होते. दारूला कायद्यानं परवाना लागतो हे पिणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण तो काढायला कुणी रजा टाकत नाही. सासरे टाकत. दर वर्षी एक अर्धी रजा, इस्त्रीचा शर्ट, खिशात स्वतःचे दोन फोटो. संध्याकाळी पंतनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत परतले की तो कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये जाई, तोही रेशनकार्डाच्या वर. प्रकृती राखण्यासाठी ह्या इसमाला दारू हवी, अशा अर्थाचं काहीतरी त्यावर छापलेलं होतं. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका ओळीवर उभं होतं.

विक्रोळीच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग, त्यांच्या भाषेत जॉब, त्यांच्या टेबलावर येई, ते त्याला मापाचं गेज लावत आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' एवढंच बोलत. घरीही तेच. भेंडी रिजेक्ट, धोब्यानं आणलेला पायजमा रिजेक्ट, माझ्याआधी मुलगी पाहून गेलेले दोघे रिजेक्ट. रमसुद्धा ते काचेच्या मापाच्या नळीतून घेत. खाली वाकून, डोळा पातळीला आणून, श्वास रोखून. रोज साडेसातला, एकदाच, साठ मिलिलीटर. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट परवा त्यांच्या दहाव्याला मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली, आणि तिघेही त्या वेळी शेजारी उभे असल्यासारखे सांगत होते. महिनाअखेरीच्या घाईत फोरमन त्यांना म्हणाला होता, "साहेब, कालच्यापेक्षा हा बराय ना, जाऊ द्या की." सासरे म्हणाले, "कालचा मी भंगारात टाकला. भंगाराशीच मापायचं तर मला गेज कशाला दिलंय? रिजेक्ट तो रिजेक्ट."

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या वरच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट त्यांना दिसलं. त्यांनी ते मागून घेतलं, चष्मा लावला आणि त्यावरचा इशारा मोठ्यानं वाचला. मग कपाटातून परवाना आणून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. "एकाच सरकारचे दोन कागद. तुमच्या पाकिटावर लिहिलंय, ह्यानं अपाय होतो. माझ्या कागदावर लिहिलंय, ह्याची प्रकृतीला गरज आहे. तुम्ही ग्रंथपाल. वाचा आणि सांगा." छापील अक्षरानं माझा इतका पराभव आयुष्यात कधी केला नव्हता. ते मला पास करतील असं वाटलं नव्हतं. पुढं बायकोकडून कळलं, की त्यांनी 'दुरुस्त होण्याजोगा' असा शेरा दिला होता.

ती दुरुस्ती पुढं तीन वर्षं चालली. दिवाळीला त्यांनी मला पांढऱ्या रुमालातून धूर सोडायला लावला आणि पडलेला पिवळा डाग सगळ्या मजल्यावर फिरवून आणला. "हे रुमालाचं झालं. फुप्फुस धोब्याकडे देता येत नाही." आता न्यायानं दुसऱ्या बाजूचीही परीक्षा व्हायला हवी, म्हणून त्यांनी खाटकाकडून बकऱ्याच्या कलेजीचा तुकडा आणला आणि मुरंब्याच्या बरणीत रम घालून बुडवला. आठ दिवसांनी झाकण उघडलं. तुकडा रबरासारखा घट्ट झाला होता, पण नासला नव्हता. "बघा जावईबापू, दारू टिकवते." सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बरणी त्यांची होती. त्या म्हणाल्या, "मेलेला टिकला. जित्याचा काय, ता सांगा." सासऱ्यांनी बरणी स्वतः घासून दिली, पण मत बदललं नाही. मीही बदललं नव्हतं. त्यांच्या मजल्यावर दारू पिऊन वाया गेलेला एक माणूस होता, तो मी दाखवायचा. आमच्या मुलुंडच्या चाळीत खोकून खोकून गेलेले एक आजोबा होते, ते त्यांनी दाखवायचे. अशा रीतीनं दुसऱ्याच्या दुखण्यांवर आम्ही आपापलं व्यसन सुखानं चालवत होतो.

त्यांच्या कॉलनीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी माझ्या बायकोला दिवस गेले. आमची मुलुंडची खोली एकच, खिडकीही एकच. मी खिडकीत उभा राहून ओढायचो आणि धूर बाहेर जातो असं समजायचो. एका रविवारी आम्ही पंतनगरला गेलो. सासऱ्यांनी आपला पेला भरला, मी पाकीट काढलं आणि आमचा वाद नेहमीच्या जागेवरून सुरू झाला. बायको पाटावर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, टेबलावर दोन जॉब आले, दोन्ही मापाबाहेरचे. तर त्यातला बरा बघून पास करता?"

सासऱ्यांचा पेला हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला. मग उठले, पेल्यातली रम नरसाळं लावून परत बाटलीत ओतली, कारखान्यातली टोकदार रेघणी आणून बाटलीच्या काचेवर पातळीची रेघ ओरखडली आणि माझ्यासमोर हात पसरला. "पाकीट द्या. आजपासून दोन्ही बंद." ज्यात अपाय आहे ते मी सोडायचं होतं. ज्यानं प्रकृती सुधारते अशी त्यांची खात्री होती, ते ते सोडत होते. ह्यातला फरक मला घरी जाताना कळला.

मला जमलं, पण सरळ जमलं नाही. त्यांना जमलं. त्या दिवसानंतर साडेसातला ते त्याच मापाच्या नळीतून कोकम सरबत घेत, तेही साठच. परवान्याचं नूतनीकरण मात्र चुकलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाटली घरात ठेवायची तर परवाना लागतो. आणि बाटली घरात नसेल तर मी सोडली कशी म्हणू? मिळत नाही म्हणून घेत नाही, ह्यात कसली फुशारकी?" माझी मुलगी आता पहिलीत आहे. तिच्या खोकल्याला त्यांनी कधी माझं कारण लावलं नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवसांत संपलं. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी कागद भरताना विचारलं, दारू, सिगारेट काही? सासूबाई रडत होत्या. रडता रडता त्यांनी मान ताठ केली. "परवानो आसा. घेनत नाय." डॉक्टरांना ते कुठल्या रकान्यात लिहावं समजेना. मला त्या वेळी, तिथं उभ्या उभ्या, त्या माणसाचा जावई असल्याचा केवढा अभिमान वाटला, हे सांगायला मी हे लिहायला बसलो.

काल त्यांचं कपाट आवरलं. बाटली होती. पातळी रेघेच्या किंचित खाली होती आणि मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर दर वर्षाची एक ओळ आणि सही. सगळ्या ओळी सारख्याच: 'बूच सैल. उडाली आहे. प्यायलेली नाही.' बाटलीमागं माझं पाकीट होतं, त्या रविवारचं, आत सात सिगारेटी, सुकून हलक्या झालेल्या. पहिल्या वर्षात मी दोनदा नाक्यावर उभा राहून एकेक ओढली होती. बायकोलाही ते कधी सांगितलं नाही. पाकिटाच्या पाठीवर, सरकारी इशाऱ्याच्या खाली, त्यांचं कारखान्यातलं हिरव्या शाईचं अक्षर होतं: 'जावई. दोनदा वास आला. विचारले नाही. पास.'

सासूबाई बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्या मोरीत वतू?"

"राहू द्या," मी म्हणालो. "परवाना अजून आहे."