मस्करी हाय, सायब

“ओढ रं बायल्या, जेवला नायस काय?” मागून गणपत ओरडला आणि नामा खिदळला. मीही हसलो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माथेरानच्या चढावर हातरिक्षा ओढताना आम्हा तिघांत ‘बायल्या’ हा शब्द दिवसातून हजार वेळा यायचा. हजार म्हणजे मी कमीच सांगतोय. पुढं दांडीला मी, मागं ढकलायला ते दोघे; तिघेही कडावचे, एकाच बांधावर वाढलेले. जो दमला तो बायल्या. जो रडला तो बायल्या. ज्याला बायको रागावली तोही.

बाता मारण्यात मी वस्ताद. माझ्या बातांमधला घोडा कड्यावरून उडायचा तो थेट कर्जत स्टेशनात उतरायचा, आणि तिकीट मागितलं म्हणून मास्तरला लाथ घालायचा. स्टँडवर लोक चहा गार करून ऐकायचे.

त्या दिवशी रिक्षात मुंबईचे पन्नाशीचे एक साहेब होते, गुडघे गेलेले. त्यांचे मित्र छत्री धरून शेजारून चालत होते. दर मे महिन्यात दोघे यायचे, एकच खोली घ्यायचे. चालणाऱ्यानं रुमालानं बसलेल्याच्या मानेवरचा घाम टिपला.

“बघ रं, बायल्यांचा संसार!” गणपत म्हणाला. “सांग की ती खोलीतली गोष्ट.”

आणि मी सांगितली. खिडकीतून काय काय पाहिलं ते. पाहिलं काहीच नव्हतं.

छत्रीवाले साहेब शांतपणे म्हणाले, “गेल्या वर्षी स्टँडवर हीच सांगत होतात. आता जास्त रंगलीय.” आणि मित्राच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

गणपत लगेच गोड झाला. “मस्करी हाय, सायब. आमी एकमेकांना बी बोलतो. ह्यो बायल्या, मी बायल्या. मनाला लावून घ्यायचं नाय.”

माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. कुणाच्या मनाला? तो शब्द मी रोज गिळत होतो, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओकत होतो. दुसऱ्याच्या अंगावर. किळस आली. गणपतची आलीच, पण त्याआधी माझ्या जिभेची.

मी चाकाला दगड लावला. म्हणालो, “मी खरंच तसा हाय. मला बाप्येच आवडतात.”

“घ्या! आज नवीन बात!” दोघे पोट धरून हसले. जन्मभर थापा मारल्याचं बक्षीस. मग मी तेच पुन्हा सांगितलं. सावकाश. मीठमसाला न लावता.

हसू थांबलं. सकाळीच माझ्या तळहातावरची तंबाखू उचलून खाल्लेल्या गणपतनं रिक्षावरचा हात काढला आणि टॉवेलला पुसला. बोट न् बोट पुसलं. नामा खाली बघत म्हणाला, “चल रं.” दोघे उतारानं चालते झाले.

छत्री मिटून साहेबांनी मागून जोर लावला. मी ओढलं. माफी मागायला माझं तोंड स्वच्छ नव्हतं.

रिक्षाचा परवाना माझ्या नावावर होता. दुसऱ्या दिवसापासून ढकलायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगू लागलो: मी असा आहे, आणि माझ्या रिक्षाला हात लावायचा तर तो शब्द मस्करीतही काढायचा नाही. सात जण थुंकून परत गेले. आठवा समोर येऊन उभा राहिला. त्यालाही तेच सांगितलं.