बंद मोटर आणि नानांचा आवाज

कविता माझी बी.एड.ची मैत्रीण, भडगावजवळच्या खेड्यात दिलेली. तिचे सासरे नाना हिवाळ्यात वारले, नवरा सुरतेला नोकरीत, आणि केळीची बाग पडली हिच्या गळ्यात. हॉस्टेलवर साधा बल्ब बदलायला घाबरणारी ही बाई! "एकदा येऊन बघ तरी," म्हणाली, म्हणून निघाले.

चाळीसगावला पहाटे उतरलात तर स्टँडवरून भडगावची एसटी धरा. जीपवाले दुप्पट मागतात आणि मांडीवर माणूस बसवतात. रस्ता बरा आहे. कविताकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबेना.

नाना मोटर मेकॅनिक. फोनवरून मोटर चालू-बंद करायच्या पेट्या त्यांनीच गावात बसवल्या. पेटीतून हिंदीत बोलणारी कंपनीची बाई बायकांना कळेना, म्हणून नानांनी अहिराणीत आपलाच आवाज भरून दिला. माणूस गेला, आवाज राहिला.

दुपारी बागेत गेलो. वारा पडलेला, पानसुद्धा हलत नव्हतं. पेटीत पाल मरून अडकली होती. कविताने मेन स्विच पाडला, झाकण उघडलं, मोटर बंद असल्याची खात्री करायला बॅटरीवर चालणाऱ्या पेटीला फोन लावला आणि मला ऐकवायला स्पीकर चालू केला.

"मी नाना बोली रायनू. मोटर बंद शे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटून मी वळून पाहिलं. केळीच केळी.

"एवढं ऐकून आम्ही सगळ्याजणी फोन ठेवतो," ती हसली आणि पाल काढायला हात घातला. फोन मात्र माझ्यासाठी चालूच होता. आवाज थोडा थांबून पुन्हा बोलला.

"थांब! हात नको लाऊ. पहिले टेस्टर लाव. मनी चूक व्हई सकस."

माझीही चूक होऊ शकते, असं नाना सांगत होते. कविताचा हात जागीच थिजला. तिने टेस्टर लावला. दिवा पेटला. मेन स्विचचा एक काटा आत चिकटून राहिला होता, तारेत वीज होतीच. आम्ही दोघी बांधावर बसून रडलो, लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी परतले. घरी अजून दुपारी शांतता झाली की मला भीती वाटते. परवा कविताचा फोन आला. गावातल्या सगळ्या बायकांना तिने पेटीजवळ नेऊन नानांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकवलं म्हणे.

"मेलेल्या माणसाचा आवाज, भीती नाही वाटत त्यांना?" मी विचारलं.

"वाटस ना," ती म्हणाली. "म्हनीसन त आते फोन कोनी ठेवत नही."