एका ॲक्सलपायी

माझ्या भावाने आमची गाडी उंच करून टाकली आणि त्या कामात माझ्या वडिलांनीच त्याला मदत केली. एवढंच सांगितलं तर लोक विचारतात, मग यात चिडण्यासारखं काय आहे? म्हणून सगळं सांगते.

बाबांची सगळी नोकरी जबलपूरच्या फॅक्टरीत गेली. लष्कराच्या गाड्यांचे पुढचे ॲक्सल बसवायचे. मदनमहालच्या आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी कुठल्या तरी फॅक्टरीत, त्यामुळे इथे साधी स्कूटर बंद पडली तरी चार जण कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि चौघांची चार मतं असतात. बाबांना सगळ्यात शेवटी विचारायचे, आणि ते म्हणतील ते मग व्हायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी फोर-बाय-फोर घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या जोडल्या, आता स्वतःच्या गाडीत बसणार म्हणाले. वर्षभर बसले. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांचं डावं अंग गेलं.

हळूहळू बोलणं परत आलं, काठी घेऊन घरातल्या घरात चालणं आलं. डावा हात काही आला नाही. गल्लीतले लोक सुरुवातीला भेटायला यायचे, खुर्चीवर बसून चहा प्यायचे. पण स्कूटर बंद पडली की आता ते आमच्या दारावरून सरळ पुढे जायचे. आई आधीच गेली होती. मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे बाबांचं सगळं माझ्याकडे येणार हे कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. गोळ्या, मालिश, आंघोळ, बिनमिठाची भाजी. आणि रविवारी ग्वारीघाट.

रविवारी मी गाडी काढायचे आणि बाबांना नर्मदेवर न्यायचे. गाडीत बसणं हा त्यांचा सोहळा होता. मी दार उघडून बाजूला उभं राहायचं, हात लावायचा नाही. लावला की ओरडायचे. ते गाडीकडे पाठ करायचे, उजव्या हाताने दाराची चौकट पकडायचे आणि मागे टेकायचे. सीट बरोबर कमरेला लागायची. मग उजवा पाय आत, मग पायजमा धरून डावा पाय ओढून आत. बसले की माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच उशीर करतेय. अख्ख्या आठवड्यात ही एकच गोष्ट ते कुणाचाही हात न लागता करायचे. म्हणून मला त्या गाडीची काळजी होती. नाहीतर मला गाड्यांचं काय पडलंय.

माझा धाकटा भाऊ औषधांच्या कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर कुंडमच्या जंगलात जातो. तिथे हे लोक चांगल्या गाड्या नाल्यात घालतात, दगडांवर चढवतात, फसवतात, दोराने ओढून काढतात आणि सगळ्याचे व्हिडिओ करतात. एका शनिवारी त्याने आमच्या गाडीचा पुढचा एक आर्म मोडून आणला. मला वाटलं आता तरी अद्दल घडेल. कसलं काय! तो म्हणाला, या गाडीचं पुढचं सस्पेन्शनच नाजूक आहे. पुढची दोन्ही चाकं आपापल्या आर्मवर स्वतंत्र लटकतात, रस्त्यावर मऊ वाटतं, पण दगडांत टिकत नाही. ते सगळं काढून टाकायचं आणि एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकसंध लोखंडी ॲक्सल घालायचा, खाली पाट्यांच्या कमानी लावायच्या. लष्कराच्या लिलावातल्या गाडीचा असा ॲक्सल एका कबाड्याकडे पडून होता, तो त्याने आधीच बघून ठेवला होता.

"ती रविवारची गाडी आहे," मी म्हटलं. "तिला हात लावायचा नाही."

"दीदी, टेन्शन मत ले. रविवारला दुसरी गाडी करून देईन ना."

मी निर्धास्त होते, कारण बाबा नाही म्हणतील याची मला खात्री होती. पण तो सरळ बाबांच्या खोलीत गेला, जमिनीवर बसला आणि मोबाइलवरचा त्या ॲक्सलचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "बाबा, ये अपनी गाडी में बैठेगा क्या?"

बाबांनी चष्मा मागितला. बस. तिथेच माझं सगळं संपलं होतं, मला फक्त कळलं नव्हतं.

काम महाराजपुरात भावाच्या एका मित्राच्या शेडमध्ये सुरू झालं. तो मित्र रोज आपल्या छोट्या गाडीतून बाबांना न्यायचा. शाळा सुटल्यावर मी गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली घेऊन तिकडे धावायचे. बघते तर बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात काठी, आणि काठीच्या टोकाने हुकूम सोडणं चाललेलं. "तिथं नाही रे, दोन बोटं मागं वेल्ड मार. ॲक्सलले जराशी तिरपी पाचर दे, नाहीतर पळताना स्टेरिंग थरथर कापन." पोरं हो बाबा, हो बाबा करत वाकून बघत होती. बाबांच्या मांडीवर तेलकट कागद आणि कागदावर समोसा. मी वर्षानुवर्षं बिनमिठाचं शिजवतेय आणि हे इथे समोसे खातायत! मी कागद उचलून फेकला तर बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष वेल्डिंगकडे होतं. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा इतका लालबुंद आणि खुश होता की मी गोळी हातावर ठेवली आणि बाहेर येऊन उभी राहिले.

गाडी घरी आली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागून घेतला होता. गाडी खरंच दिमाखात उभी होती, आमच्या फाटकापेक्षा उंच वाटत होती. बाबा काठी टेकत गाडीपर्यंत गेले. मी दार उघडलं, सवयीने बाजूला झाले. त्यांनी पाठ केली, उजव्या हाताने चौकट पकडली आणि मागे टेकले.

सीट त्यांच्या पाठीला लागली. कमरेच्या कितीतरी वर.

त्यांनी टाचा उचलून बघितल्या. पुन्हा बघितल्या. भावाने धावत जाऊन स्टूल आणलं, पण त्यावर डाव्या पायाने उभं कसं राहणार? ते डगमगले तसं कुणीतरी म्हणालं, "अरे उठा लेते हैं बाबूजी को." आणि चौघांनी मिळून माझ्या बापाला गोणीसारखं उचलून आत ठेवलं. एक चप्पल खाली पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हसत होते! गाडी गल्लीच्या टोकापर्यंत धडाधड उडत गेली आणि परत आली, आणि उतरतानाही तेच, चौघांचे हात, पायजमा गुडघ्यापर्यंत वर गेलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीच्या मधोमध मी भावाला जे तोंडाला येईल ते बोलले. नालायक म्हटलं, आंधळा म्हटलं. तो तोंड पाडून उभा राहिला आणि म्हणाला, "मला नाही लक्षात आलं, दीदी." मला ते खरंही वाटलं. त्याच्या आजवर कशातलंच काही लक्षात आलेलं नाही.

संध्याकाळी चहा देताना मी बाबांनाच विचारलं. "तुम्हाला माहीत होतं ना, गाडी एवढी उंच होऊन राहिली म्हणून?"

"मले माहीत नसन?" ते म्हणाले. "एवढा ॲक्सल इंजनाखालून जाते. गाडी उचलली नाही तर खालून इंजनले धडकन. मीच तर सांगितलं, उचला म्हणून."

"तुम्हीच? मग तुम्ही चढणार कसे, याचा विचार नाही केला?"

"केला ना. पहिल्याच दिवशी केला."

"मग काहून करू दिलं?"

बाबांनी बशीत चहा ओतला. एका हाताने ओतायला वेळ लागतो. "पोट्टं विचारून राहिलं होतं," ते म्हणाले. "बाबा हे कुठं कापू, बाबा ते कसं बसवू. हात गेला तेव्हापासून मले कोणी काही विचारलं? तू येते, गोळी देते, पाणी देते, जाते. पोळी खाऊ का भात, तेही तूच ठरवते."

मी कप उचलला आणि स्वयंपाकघरात येऊन इतक्या जोरात आपटला की कान तुटला. पहाटे उठायचं मी, पाठ चोळायची मी, चादरी बदलायच्या मी, सुट्ट्या बुडवायच्या मी. आणि दोन आठवडे येऊन चार प्रश्न विचारले तो लाडका! चांगलं आहे. पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना त्याचं काही वाटलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

भाऊ त्या रविवारी गाडी घेऊन कुंडमला गेला. मी ऑटो बोलावला. ऑटोत वाकून शिरावं लागतं, ते बाबांना जमेना. मी काखेत हात घालून त्यांना आत घेतलं. ते ओरडले नाहीत. गाडीत बसताना मी हात लावल्यावर ते पहिल्यांदाच ओरडले नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त ते लागलं.

अर्ध्या रस्त्यात मी ठरवलं की ठीक आहे, विचारते. राग गिळून विचारते. त्यांना विचारलेलंच हवंय ना.

"बाबा, ती पाचर कशासाठी असते? ॲक्सलला तिरपी देतात ती?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि मनापासून हसले. "तुले काय करायचं आहे बाई ते? ते पोट्ट्यांचं काम आहे. तू ऑटोवाल्यासाठी सुटे काढून ठेव."

ऑटो घाटावर थांबला. मी सुटे दिले. एकदा वाटलं, आपण उतरावं आणि मागे न बघता सरळ चालत सुटावं, मग विचारू देत बाबांना ती पोरं काय विचारायचं ते. बाबा सीटच्या कडेशी सरकून उजवा हात पुढे करून थांबले होते. मी त्यांच्या काखेत हात घातला आणि खाली उतरवलं, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं.