केबल काढली तेव्हा

आमच्या कारखान्यात नेटवर्कमधला माहिती पुढे पाठवणारा एखादा स्विच बंद पडला, की जोशीकाका बाकीच्या स्विचांना दुसरा मार्ग टाइप करून द्यायचे. वर्षानुवर्षं तेच काम. मीही ते त्यांच्याकडूनच शिकलो. परवा मी सगळे स्विच असे जुळवले, की ते आपापसात बोलून नवा मार्ग स्वतःच शोधतील. तपासणीच्या वेळी साहेब म्हणाले, "जोशी, तुम्हीच एका स्विचची केबल काढा."

काकांनी काढली. पडद्यावरचे आकडे क्षणभर अडखळले आणि दुसऱ्या वाटेने वाहू लागले. उरलेल्या स्विचांनी गेलेल्याचं नाव यादीतून पुसलंसुद्धा. माणसांना निदान तेरा दिवस लागतात.

"बघा, आता तुमची गरजच नाही," साहेब हसत म्हणाले.

केबल हातात धरून काका माझ्याकडे वळले. "छान केलंस," म्हणाले.

मला खरंच आनंद झाला.