मावशीचा एक नवस बाकी आहे

डहाणूच्या बाजारात मासळी दुपारपर्यंत संपते, किस्से मात्र संपत नाहीत! एकीने सांगायला घेतला की शेजारचीला तिचा आठवतो, मग गिऱ्हाईकसुद्धा पिशवी खाली ठेवून आपला एक ऐकवतं. आमच्या ओळीचे तर निम्मे किस्से एकट्या जनामावशीचे. आणि तेही कसले? मरण दारात येऊन परत गेल्याचे! हसा खुशाल, मीही हसते. पण मी तिच्या शेजारी बसून मासे विकते. डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते.

* * *

२०१४ साली मावशीला दम लागायला लागला. टोपलीसुद्धा उचलवेना. मी आणि हिराबाई, म्हणजे मावशीच्या पलीकडे बसते ती, आम्ही दोघी तिला घेऊन गुजरातेतल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. हृदयाची झडप खराब! डॉक्टर म्हणाले, "मासी, ऑपरेशन करावु पडशे. नहितर गमे त्यारे..." कधीही काहीही होईल, हे आम्हाला कळलं.

मावशी पदर सारखा करत म्हणते, "मने कंई नही थाय. माताजीनी बाधा बाकी छे!" बाधा म्हणजे नवस हो.

त्याचं असं झालं होतं, की मुलीचं बाळंतपण अडलं तेव्हा मावशी आमच्या डहाणूच्या गडावरच्या महालक्ष्मीला बोलली होती, 'पायी गड चढून तुझी ओटी भरीन.' मुलगी सुखरूप सुटली, नातू शाळेत जायला लागला, तरी मावशी काही गडावर जाईना! का? तर म्हणे, "नवस फेडल्याशिवाय देवी मला नेईल होय? तिची ओटी राहील ना!"

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि मावशीला हात जोडले! मावशी ऑपरेशनशिवायच परत आली.

* * *

तलासरीच्या आठवडी बाजाराला आम्ही सुकी मासळी घेऊन रमेशच्या टेंपोतून जायचो. एकदा हायवेवर उताराला ब्रेकच लागेना! समोर ट्रेलर, बाजूला खड्डा. हिराबाईने तेहतीस कोटींतले निम्मे देव एका दमात बोलावले. मी डोळे मिटून घेतले. आणि मावशी खेकसते, "गप बसा गं! मी आहे ना गाडीत!"

रमेशने टेंपो वळवला तो थेट शेतात, गवताच्या गंजीत! आम्ही गवतात, बोंबील आमच्या डोक्यावर, आणि एकीला खरचटलंसुद्धा नाही!

तेव्हापासून रमेशचा एकच हेका, "मावशी नाय तर गाडी नाय!" मावशीला ताप असला तर गोधडीसकट पुढच्या सीटवर बसवून न्यायचा. गाडीचा इन्शुरन्स कधी संपतो ते त्याला ठाऊक नसायचं. पण निघताना रोज विचारायचा, "मावशी, नवस बाकी आहे ना?"

* * *

हिराबाईची जीभ म्हणजे कोयता. एकदा मासे कापता कापता म्हणाली, "मावशे, तू देवीला फसवतेस."

"फसवते कुठे? वाट बघायला लावते."

"मग तुझ्या नवऱ्याला का नाही राखलं तिने?"

मावशीचा नवरा फार वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो परत आला नव्हता. मला वाटलं, आता इथे कोयते उडणार! पण मावशी सावकाश म्हणाली, "त्याच्यासाठी नवस बोलायला मला वेळच मिळाला नाही गं. मला कळलं तेव्हा तो गेलेला होता. म्हणून आता एक बाकी ठेवते, देवी माझी वाट बघत राहील. पोर यायचं असलं तर आई दाराला कडी घालत नाही."

हिराबाईने त्या दिवशी पहिल्यांदाच मावशीला स्वतःचा चहा दिला.

* * *

२०१७च्या थंडीत समुद्र अचानक बिघडला. सगळ्या बोटी परत आल्या, आमच्या ह्यांची आली नाही! हे बोटीवर इंजिन सांभाळतात. वायरलेस लागेना. मी सकाळपासून किनाऱ्यावर उभी. बाजारातल्या सगळ्या बायका धावत आल्या, आणि मावशीचा पत्ता नाही! राग आला मला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, आणि आज हिला यायला होत नाही?

दुपारी कोणीतरी ओरडलं, "आली! आली!" इंजिन बंद पडलं होतं, गुजरातच्या एका बोटीने ओढून आणली होती. हे उतरले आणि मी सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली! लाज गेली खड्ड्यात!

तेवढ्यात रमेशचा टेंपो येऊन थांबला. मावशी उतरली. कपाळावर मळवट, पाय धुळीने भरलेले, एक हात छातीवर. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "आला ना? बस झालं."

रमेश रडत होता. "मी नको नको म्हटलं! ऐकलंच नाय! बसत बसत चढली गड!"

हिराबाई किंचाळली, "मावशे! नवस फेडलास? आता तुझं कसं?"

मावशी म्हणाली, "देवीला सांगितलं, घे तुझी ओटी. आता माझं काही राहिलं नाही, मला कधीही ने. पण ह्या पोरीचा नवरा परत दे. माझा दिला नव्हतास."

आणि ती वाळूतच बसली. आम्हाला तिला उचलून टेंपोत घालावं लागलं.

* * *

तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर. पहिला प्रश्न काय विचारावा त्यांनी? "मासी, बाधा?"

"पूरी थई गई," मावशी म्हणाली. डॉक्टरांचा चेहराच उतरला! म्हणाले, आता थांबता येणार नाही, ऑपरेशन करू, पण वाचतीलच असं सांगत नाही.

आम्ही बाहेर बाकावर. माझ्या मनात एकच, बाईने माझ्यासाठी आपलं कवच काढून दिलं! ऑपरेशननंतर मावशी शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या कानाशी वाकले. "मावशे, रागावू नको. मी देवीला बोललेय, की तू बरी होऊन स्वतः गड चढशील आणि ओटी भरशील."

हिराबाई मागून म्हणते, "अगं बया! मी पण हेच बोललेय! मी तर खण-नारळही तिच्याच हातून सांगितलाय!"

रमेश दारात डोकं खाजवत उभा. "मी बोललो, मावशी देवीच्या जत्रेला माझ्या टेंपोत पुढे बसून येईल."

डॉक्टर नाडी बघत होते. हळूच म्हणाले, "मासी, में पण एक बाधा राखी छे. नाळियेर तमारे हाथे!" म्हणजे त्यांचाही नारळ मावशीच्याच हातून!

मावशीच्या नाकात नळी, आवाज फुटत नव्हता, तरी म्हणालीच, "मेल्यांनो! मला विचारलंत का?" आणि डोळ्यांतून पाणी. आम्ही सगळेच रडत होतो, हसतही होतो. देव माणसाला सांभाळतो तो कसा, हे मला त्या खोलीत दिसलं!

पुढे मावशी बाजारात बसायला लागली. जमेल तसे आमचे नवस एकेक करून फेडायलाही लागली.

* * *

मग ते भूकंप सुरू झाले. २०१८च्या अखेरीपासून आमच्याकडे, तलासरीकडे, जमीन थांबेचना. लोक घर सोडून अंगणात तंबू ठोकून राहायला लागले.

एका सकाळी ऐन गर्दीत बाजार हलला! पत्रे खडखडले, तराजू झुलायला लागले, बर्फाची पेटी घसरली. "पळा! पळा!" गिऱ्हाईकं पळाली, मी पळाले, हिराबाई तर कोयता हातात घेऊनच पळाली!

रस्त्यावर येऊन मागे वळून बघते तर मावशी जागची हललेली नाही. टोपलीवर हात ठेवून बसलेली.

"मावशे, बाहेर ये! मरशील!"

मावशीने पापलेटावरची माशी हाकलली आणि आम्हाला हाताने बोलावलं.

"या गं, बसा माझ्याजवळ. एक अजून बाकी आहे."