ठमीचा घास

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. विशेष मुलांच्या शाळेतली एक लांबट खोली. मधोमध पट्टे लावलेली लाकडी खुर्ची, खुर्चीत नऊ वर्षांची ठमी, गळ्यात टॉवेलचं अस्तर लावलेला गळपट्टा, आणि समोर वर्गाच्या बाई, हातात कुस्करलेल्या केळ्याची वाटी घेऊन. दाराच्या चौकटीत, धड आत ना धड बाहेर, ठमीची आई. शिवणकाम करणारी बाई ती. मापाची टेप बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, पुन्हा गुंडाळतेय.

ठमी जन्मताना अडकली होती. बाहेर आली ती निळी पडून, आणि रडली आठ मिनिटांनी. तेवढ्यात मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं. हातपाय ताठ, मान कलती, बोलणं नाही, गिळणं बेभरवशाचं. हसणं मात्र असं, की समोरच्यानं राग विसरावा. पहिल्या दिवसापासून तिला भरवलं ते आईनंच. अंगठ्यानं हनुवटी वर ढकलून ओठ मिटायचे, दोन बोटांनी गळा चोळायचा, घास उतरला की पुढचा चमचा. बापानं एकदा प्रयत्न केला, लेकीला ठसका लागला, आणि तेव्हापासून त्यानं चमच्याची धास्तीच घेतली.

आता सोमवारी आईच्याच पोटाचं ऑपरेशन होतं. दहा दिवस अंथरूण सोडायचं नव्हतं. तेवढे दिवस ठमीनं दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायला हवं होतं. जेवेल का?

"हनुवटी धरा हं बाई, घट्ट!"

"धरत नाही. आधी बघू, तिला काय येतं ते."

"तिला काही येत नाही हो!"

"ताई, तुम्ही शिवताना कुणी असं डोक्यावर उभं राहिलं तर?"

"सुई बोटात जाते."

"मग?"

आई एक पाऊल मागे सरली. एकच.

पहिला घास गळपट्ट्यावर सांडला. दुसऱ्याला ठमी खोकली, लालबुंद झाली. आई धावलीच, खुर्चीच्या पट्ट्याच्या बकलाला हात घातला.

"थांबा! आवाज निघतोय ना? मग श्वास चालू आहे, अडकलेलं ती स्वतःच सोडवतेय."

आईचा हात बकलावरच गोठला. खोकला वाढला, चिरकला आणि ओसरला. ठमीनं डोळे मिचकावले आणि पुन्हा तोंड उघडलं.

बाईंनी तिसरा चमचा दिला आणि नुसती वाट बघितली. आईचा अंगठा आपोआप वळवळायला लागलेला. ठमीचे ओठ आधी उजवीकडून, मग डावीकडून, वाकडेतिकडे मिटले. गळा वर गेला, खाली आला.

"नऊ वर्षं मी अंगठा काढलाच नाही," आई पुटपुटली.

"त्या अंगठ्यानंच जगवलंय तिला. पण आता घरी भरवणाऱ्या बापाला शिकवायचं ते हे, वाट बघणं, बरं का. उद्या त्यांना धाडा."

"येतील. मी ओढत आणते."

वाटी संपायला पाऊण तास लागला. निम्मं केळं अंगावर, निम्मं पोटात. निघताना आई दारात पुन्हा अडली.

"बाई, मी दवाखान्यात असताना ही खोकली तर मला कळवू नका हं. उगाच जीव टांगणीला... नाही, नाही, कळवाच."